गोंड्याचं वजन

माझे मामा माणसाकडे बघत नाहीत, माणसाच्या केसांकडे बघतात. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लहानपणी एकदा गुडघा फोडून घेऊन मी रडत त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी माझी वेणी हातात घेतली आणि म्हणाले, "टोकं फुटलीत गं. तेल लावत नाहीस वाटतं?" गुडघ्याचं रक्त मामीने पुसलं. पुसता पुसता ती म्हणाली, "तुझ्या मामांचं लग्न माझ्या वेणीशी झालंय. मी आपली वेणीच्या मागोमाग आले."

मामा केसांचे टोप करतात. आधी नाटकवाल्यांसाठी करायचे. राजाचे, म्हाताऱ्यांचे, खलनायकांचे. नाटकं कमी झाली तशी गिऱ्हाइकं बदलली आणि औषधांनी केस गेलेल्या बायका यायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीपाशी टेबल, फळीवर ओळीने सहा लाकडी डोकी, भिंतीला उभ्या खिळ्यांची एक मोठी फणी, आणि सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. बारीक जाळीत आकडीने एकेक केस ओवून गाठ मारायची. एका टोपाला दीड महिना लागतो. जाळी इतकी नाजूक असते की विंचरताना डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे आणि उजव्या हाताने फणी फिरवायची. हात जाळीला टेकला की जाळी बसते. चाळीस वर्षं मामांचा डावा हात असाच वर, अधांतरी राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

"चांगला टोप कोणता, माहितीये?" ते मला विचारायचे. "ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो."

मामी आजारी पडली तेव्हा उपचार सुरू व्हायच्या आधीच मामांनी तिची वेणी कापून घेतली. गुडघ्यापर्यंत यायची ती वेणी. तिच्याच केसांचा तिच्यासाठी टोप केला, दीड महिन्याचं काम तीन आठवड्यांत. जेवायला उठायचे नाहीत, मामी आजारी असून तीच ताट घेऊन टेबलाशी जायची. टोप मात्र असा झाला की काय सांगू. कपाळावरची लव, मानेवरचे चुकार केस, सगळं जिथल्या तिथे. नातेवाईक भेटायला यायचे आणि खाली उतरताना म्हणायचे, बरी दिसतेय की, उगाच घाबरवलं आपल्याला. मीसुद्धा म्हणाले, "मामी, काय छान दिसतेस गं!" ती हसली. "दिसतेय ना? झालं तर मग."

पण मामांच्या हातांचं काम गेलं होतं. अडतीस वर्षं रोज सकाळी ते मामीचे केस विंचरून वेणी घालून द्यायचे. आता सकाळ झाली की ते नुसते उभे राहायचे, हात कुठे ठेवावेत ते न कळून. ते मामीला बघवेना. एक दिवस ती मला बरोबर घेऊन बाजारात गेली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातून एक ससा घेऊन आली. बुटक्या जातीचा. कान उभे नाहीत, दोन्ही बाजूंना लोंबणारे. तोंड चपटं, आणि अंगावर बोटभर लांब, मऊ, राखाडी लोकर. पाय दिसत नव्हते, शेपूट दिसत नव्हतं. खोलीत सोडला तर कोणी लोकरीचा गुंडा खाली पाडलाय असं वाटायचं.

"अहो, हातांना काम आणलंय," मामी म्हणाली.

मामांनी त्याला उचललं नाही. वाकून त्याच्या लोकरीची एक बट दोन बोटांत धरली, खिडकीच्या उजेडात नेली आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला. "याला रोज विंचरायला लागेल," ते म्हणाले. जणू कोणी त्यांना बक्षीसच दिलं होतं. मामीने त्याचं नाव गोंड्या ठेवलं.

त्या दोघांची भांडणं गवतावरून व्हायची. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं की सशापुढे सुकं गवत दिवसभर हवंच, बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल. पण गोंड्या गवतात तोंड खुपसून बसायचा आणि काड्या त्याच्या मानेच्या लोकरीत अडकायच्या. गुंता व्हायचा. मामांच्या जिवाची नुसती तगमग. ते गवताची टोपली उचलून ठेवायचे आणि मामी ती परत खाली ठेवायची. "अहो, असू द्या की! ससा आहे तो, नवरदेव नाही."

आठ महिन्यांनी मामी गेली. शेवटच्या दिवशी मी आणि मामांनी तिला पलंगावरून खुर्चीत बसवलं, तेव्हा मी दचकले. उचलायला काही लागलंच नाही. दोन उशा उचलाव्यात तसं झालं. मी मामांकडे बघितलं. ते तिचा टोप सरळ करत होते. ती म्हणाली, "गोंड्याला जपा. मी गेले म्हणून त्याला कोणाच्या गळ्यात घालू नका." मामा म्हणाले, "जीव गेला तरी नाही." त्यानंतर त्या घरात मामांना सांभाळायचं असं जे काही उरलं ते म्हणजे तो ससा.

मी धुलाईच्या दुकानात काउंटरवर काम करते. लोकांच्या कपड्यांवरचे डाग ओळखणं हा माझा धंदा, त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटत नाही असा माझा समज होता. दर रविवारी अकराच्या सुमाराला मी मामांकडे डबा घेऊन जायचे, त्यांचे आठवड्याचे कपडे न्यायचे आणि धुतलेले आणायचे. मामा टेबलाशी बसलेले असायचे. समोर स्वच्छ टॉवेलवर गोंड्या, डावा हात अधांतरी, उजव्या हातात बारीक दातांची फणी. फणीत आलेली लोकर ते त्या छोट्या काट्यावर तोलायचे, तारीख लिहिलेल्या पाकिटात भरायचे आणि वहीत आकडा मांडायचे. केसांच्या लडीही ते अशाच तोलून ठेवायचे. गोंड्या तिथे शहाण्यासारखा बसायचा. मी म्हणायचे, मामा, याच्यापुढे तर शाम्पूच्या जाहिरातीतल्या बायका पाणी भरतील. मामा खुश व्हायचे.

मामी गेल्यावर पंधरा दिवसांत गवताची टोपली खोलीतून नाहीशी झाली. भांडायला कोणी राहिलं नव्हतं ना. "गुंता किती होतो गं," मामा म्हणाले. "कापावा लागतो मग. तिच्या सशाला मी कात्री लावू?" त्याऐवजी ते दुकानातला गोळ्यांचा खाऊ कोमट पाण्यात भिजवून, मऊ करून त्याला द्यायचे. गाजर किसून द्यायचे. एखाद्या दात पडलेल्या आजोबांना भरवावं तसं. अर्धं पोतं गवत शिल्लक होतं. ते "जाता जाता टाकशील का?" असं मला म्हणाले. मी टाकलं. तिसऱ्या मजल्यावरून ते पोतं मी स्वतःच्या हाताने खाली नेलं आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून हात झटकले. पायरीवर काड्या सांडल्या म्हणून वर चिडलेसुद्धा.

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. या दीड वर्षात काय काय दिसत होतं ते आता मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. गोंड्याच्या लेंड्या बारीक झाल्या. मामा म्हणाले, बरं झालं, लोकरीला चिकटत नाहीत. त्याची हनुवटी ओली राहायला लागली. मामांना वाटलं, वाटीतलं पाणी लागतंय. त्यांनी वाटी काढून बाटली लावली, आणि तरीही ओली राहते म्हटल्यावर टोप सुकवायच्या छोट्या यंत्राने दिवसातून तीनदा ती कोरडी करून द्यायला लागले. तो खाऊ तोंडात घ्यायचा आणि अर्धा सांडायचा. मामा म्हणाले, नखरे करतोय, हिने लाडावून ठेवलाय. याच काळात मामांनी मला दोन पँट कमरेत आत घ्यायला दिल्या. मी घेतल्या आणि म्हणाले, वा मामा, या वयात अंग उतरवलंत, लोक त्यासाठी धावाधाव करतात.

मग एका मंगळवारी दुपारी दुकानात मामांचा फोन आला. ते फोन करत नाहीत कधी. "तो कालपासून काही खात नाहीये," ते म्हणाले. "कोपऱ्यात बसलाय. विंचरू पण देत नाही."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती आणि तोंडाने फटकळ. तिने गोंड्याला टेबलावर घेतलं आणि आधी काट्यावर ठेवलं. "नऊशे ऐंशी ग्रॅम," ती म्हणाली. "या जातीचा ससा दीड किलोच्या वर असतो. याचं आधीचं वजन काय होतं?"

मामांना एकदम धीर आला. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि उघडून तिच्यापुढे धरली. दीड वर्षाच्या तारखा, एकही आठवडा न चुकवता, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात. डॉक्टरने वाचलं. "चार ग्रॅम. साडेचार ग्रॅम. पाच. हे काय आहे?"

"लोकर," मामा म्हणाले. "विंचरून निघालेली."

"आणि सशाचं वजन?"

मामांनी पान उलटलं, मागचं पान उलटलं. कुठेतरी असेल, आपण लिहिलं असेल आणि विसरलो असू, अशा आशेने ते पानं उलटत होते. मला त्यांच्या हातातून ती वही काढून घ्यावीशी वाटली. मी काढून घेतली नाही.

डॉक्टरने मग त्यांचा डावा हात मनगटाशी धरला आणि सरळ गोंड्याच्या लोकरीत खाली दाबला. "इथे. लागतंय काही हाताला?"

लागलं असणार. पाठीचा कणा, एकेक मणका, बरगड्या. मी त्यांचा चेहरा बघितला आणि खिडकीकडे वळले. रोज तासभर ज्याला विंचरलं, त्याच्या लोकरीखालच्या अंगाला तो हात आज पहिल्यांदा दाबून टेकला होता.

पुढचं डॉक्टरने समजावून सांगितलं. चढ्या आवाजात, पण समजावून. सशाचे दात मरेपर्यंत वाढत असतात. कडक गवत दिवसभर चघळून ते झिजतात. गवत नाही म्हणून ते झिजले नाहीत. दाढांना टोकं आली आणि ती जिभेत रुतली. हनुवटी ओली होती ती लाळेने. तोंड सोलवटलेलं, म्हणून खाणं सांडत होतं. पोटात गवत नाही म्हणून आतडी मंदावली, आणि आता थांबली होती. "अंगावर इतकी लोकर असते की बाहेरून काही कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून या सशांना रोज हात लावून बघायचं असतं. तुम्ही गवत का बंद केलं?"

"गुंता होतो," मामा म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला भूल देऊन दाढा घासल्या. मामा बाहेरच्या बाकावर बसून होते, हातात गोंड्याचा टॉवेल. मी म्हणाले, मामा, चहा घेऊ या. ते म्हणाले, "तिने सांगितलं होतं गं. रोज भांडायची माझ्याशी." मी म्हणाले, तुम्हाला काय ठाऊक होतं. ते म्हणाले, "ठाऊक होतं की. तिने सांगितलं होतं." मग बाकाच्या टोकाकडे बघत, "तिचंही असंच झालं. टोप इतका चांगला झाला ना. मीच बघायचा थांबलो." मी म्हणाले, छे, मामीचं वेगळं होतं, तो आजारच तसा होता. आणि हे म्हणताना मला ती खुर्ची आठवली, ते दोन उशांचं वजन. दोन महिने आधी कोणी तिला जवळ घेतलं असतं तर निदान कळलं असतं की ती जेवत नाहीये. वाचली नसती कदाचित. पण आम्ही तिच्या केसांचं कौतुक करत बसलो आणि ती एकटीच वाळत गेली. हे मी मामांना म्हणू शकले नाही, आजही म्हणू शकत नाही.

गोंड्या भुलीतून उठला. मी दुकानातून रजा काढली. मामांनी घरभर गवत अंथरलं, मी आणलेलं ताजं पोतं, टोपली नाही, सरळ जमिनीवर, टेबलाखाली, पलंगाखाली. दर दोन तासांनी पिचकारीतून पातळ खाऊ त्याच्या गालात सोडायचा. त्यासाठी त्याला मांडीवर घ्यावं लागायचं. मामा त्याला घट्ट छातीशी धरून बसायचे, दोन्ही हातांनी. लोकरीचे सगळे पुंजके झाले, खाऊ सांडून ती चिकट झाली, तरी त्यांनी फणीला हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी मी दोन तासांसाठी दुकानात गेले तर फोन आला. मामा ओरडत होते. "खाल्लं! अगं, खाल्लं त्याने! एक काडी, आपली आपण, अख्खी!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला मी म्हणाले, आमचा ससा जेवला. त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. मी काम टाकून धावत निघाले.

तीन मजले चढून गेले तेव्हा दार उघडंच होतं. मामा जमिनीवर गवतात बसले होते, मांडीवर गोंड्या. ते त्याच्या मानेच्या लोकरीतून गवताच्या काड्या काढत होते. एकेक, हळूच, गुंता न ओढता. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक काडी अर्धी चघळलेली तशीच होती. "आत्ताच," ते म्हणाले. "तुला फोन केला आणि वळलो, तर मान टाकलेली." मी त्यांच्याशेजारी बसले. बाकीच्या काड्या आम्ही दोघांनी मिळून काढल्या. तोंडातली मामांनी काढू दिली नाही. संध्याकाळी मी वही बंद करून ठेवायला घेतली तर त्यात नवीन तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, वजन नऊशे ऐंशी. आणि खाली, दीड वर्षांत कधी न मारलेली, एक आडवी रेघ.

त्यानंतर मामांना एक नवीन खोड लागली. घरात कोणीही आलं की दारातच त्याचं मनगट धरायचं. अंगठा आणि मधलं बोट भोवती गुंडाळून, जरा दाबून बघायचं. पोस्टमनचंसुद्धा धरलं. माझं दर रविवारी. "ठीक आहे," म्हणायचे आणि आत सोडायचे.

दोन महिन्यांनी एक बाई आल्या. शिक्षिका होत्या, उपचार सुरू होते, डोक्याला रुमाल. त्यांना टोप हवा होता, शाळेत कोणाला कळू नये असा. मामा टेप घेऊन उठले, आणि डोक्याचं माप घेण्याऐवजी त्यांनी त्यांचं मनगट धरलं. "जेवण जातंय का तुम्हाला?" बाई चपापल्या. मामा म्हणाले, "टोप मी असा करून देईन की कोणी बघणार नाही तुमच्याकडे. म्हणूनच सांगतो, घरच्यांना म्हणावं, हात लावून बघत जा. रोज." बाईंनी हात सोडवून घेतला. "मी केसांसाठी आलेय," त्या म्हणाल्या. आणि पर्स उचलून निघून गेल्या. जिन्यात त्या रडत होत्या, आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. बायका एकमेकींना सांगतात. नंतर कोणी आलं नाही. फळीवरची पाच डोकी उघडी झाली, सहाव्यावर मामीचा टोप.

मागच्या रविवारी मी गेले. नेहमीसारखा मामांनी माझा हात धरला, ठीक आहे म्हणाले. खिडकीपाशी बसले. पांढरेशुभ्र दाट केस, सरळ भांग, एक केस इकडचा तिकडे नाही. जाड स्वेटर गळ्यापर्यंत. मला वाटलं, किती टापटीप राहतात अजून. आणि हे मनात आल्याबरोबर मी हातातला डबा खाली ठेवला. मी पुढे झाले, त्यांच्या स्वेटरची बाही मागे सारली आणि त्यांचं मनगट धरलं. माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर चढलं आणि पेरभर पुढे गेलं. हातात काही नव्हतंच.

मागच्या आठवड्याचा डबा ओट्यावर होता. मी झाकण काढलं. त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

"मामा, कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडे बघितलं, केसांकडे नाही, माझ्याकडे. "तुला आत्ता दिसलं होय?" ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले.

दर रविवारी मी त्यांच्यासमोरच बसत होते.